देवराई आणि ओढा: गावाने वर्षभर सांभाळायची कृती

या, बसा. वही उघडा. भोरच्या हिरडस मावळात असो, गुंजवणीच्या किंवा कानदीच्या खोऱ्यात असो, तुमच्या गावाला एक देवराई आहे आणि तिच्या कडेने एक ओढा वाहतो, एवढं मी धरून चालते. त्या राईत शिकार होऊ द्यायची नाही, ओढ्यातले मासे पोटापुरतेच धरायचे आणि रान वाढवायचं, ही तीन कामं आपण एका वर्षात बसवू. २ ऑक्टोबरला सुरुवात, पुढच्या २ ऑक्टोबरला एक फेरा पूर्ण.

साहित्य: दोनशे पानी वही, गेरूचा डबा, आठ-दहा विळे, चार खराटे, दोन दाताळी, एक कुदळ, वीस फुटी सुती दोरी, एक लांब बांबू आणि आठ-दहा माणसं. त्यात निम्म्या बाया हव्यातच, कारण सरपण-पाण्यासाठी रोज रानात पाय ठेवणाऱ्या त्याच.

क्रम मात्र मोडू नका. सगळ्यांना आधी झाडं लावायची असतात. आपल्या कृतीत झाडं लावणं सव्विसाव्या पायरीवर आहे, आणि ते तिथेच राहू द्या. वणवा आणि फास थांबल्याशिवाय लावलेलं रोप म्हणजे मार्चमधलं जळण.

पाऊस ओसरताना

१. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा.
ठराव दोन ओळींचा पुरे: देवराई आणि ओढ्याचा अमुक ते अमुक भाग गाव राखणार, आणि ते काम जैवविविधता व्यवस्थापन समिती बघणार. ही समिती २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते. नावं विचारा आणि त्या माणसांना समोर बोलवा. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी दवंडी द्या.
सांभाळा: “आधी काम करू, ठरावाचं मागाहून बघू” असं कोणीतरी म्हणेलच. ऐकू नका. मार्चमध्ये फास काढायला गेल्यावर “तू कोण विचारणारा?” असं कोणी म्हटलं, तर दाखवायला हाच कागद लागतो.

२. जमिनीचा सातबारा काढा.
देवराई देवस्थान इनामात आहे, वनखात्याकडे आहे, गायरानात आहे की कुणाच्या खासगी गटात, हे कागदावर बघा. दोन-तीन गटांत विभागलेली निघाली तर सगळ्यांचे उतारे घ्या.
सांभाळा: खासगी गट निघाला तर त्या घरी आजच जा. विळा चालल्यावर जाल तर भांडण, आधी जाल तर चहा.

३. वनरक्षकांना लेखी पत्र द्या.
राई वनखात्याच्या हद्दीत नसली तरी द्या. वणवा हद्द ओळखत नाही आणि जनावरही नाही. पत्राची पोच घेऊन वहीत चिकटवा, खाली त्यांचा मोबाइल नंबर लिहा. त्याच्या शेजारी वनखात्याचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरात.
सांभाळा: वनाच्या जमिनीवर पुढचं कुठलंही कापणं-खणणं त्यांच्याशी बोलल्याशिवाय करू नका.

४. गुरवांना देवराईचे नियम विचारा.
कुठे वाळलेली काडीसुद्धा बाहेर नेत नाहीत, कुठे ठरावीक दिवशीच आत जातात, कुठे पायताण काढावं लागतं. जे सांगतील ते जसंच्या तसं लिहा. वाघजाईची राई असो, शिरकाईची असो की भैरवनाथाची, आजवर ती याच नियमांनी राहिली. आपले नियम त्यांच्या वर बसवायचे नाहीत, शेजारी ठेवायचे.

५. कातकरी वस्तीवर आणि धनगरवाड्यावर जाऊन बसा.
ही पायरी गाळली तर पुढची निम्मी कृती फसते. ओढ्यात कुठला मासा कधी चढतो आणि कुठल्या डोहाला मे महिन्यातही तळ दिसत नाही, हे कातकरी माणूस न बघता सांगतो. गुरं कुठून उतरतात ते धनगर सांगतो. या घरांचं पोट त्या ओढ्यावर आणि त्या गवतावर आहे. बंदी घालायला आलोय असं बोलू नका. “काय राखलं तर तुम्हालाही चार वर्षं जास्त मासा मिळेल?” असं विचारा आणि गप्प बसून ऐका.
सांभाळा: निरोप पाठवून बोलावणं करू नका. तुम्ही जा.

६. देवराईची शीव चाला.
राई उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणेसारखं. ऑक्टोबरच्या शेवटी गवत कमरेइतकं असतं, तरी आत्ताच चाला, कारण जनावरांच्या वाटा उभ्या गवतात भांगासारख्या स्पष्ट दिसतात. दर शंभर पावलांवर एका दगडावर गेरूची खूण करा.
सांभाळा: झाडाला खिळा ठोकायचा नाही आणि सालीवर रंग फासायचा नाही. खूण दगडावरच.

७. पाहिलेलं त्याच दिवशी वहीत उतरवा.
पाच रकाने पाडा: जागा, झाड किंवा प्राणी, पाणी, वाट, धोका. “दुसऱ्या खुणेजवळ जुना हिरडा, खोडात ढोली, खाली साळिंदराचं पीस” एवढं सोपं लिहायचं. अंजनी, ऐन, बेहडा, जांभूळ, उंबर, गारंबीचा वेल, जे ओळखू येईल ते. नाव माहीत नसेल तर पानाचा फोटो काढा आणि गावातल्या थोरांना दाखवा. हीच वही पुढे पंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीला जोडता येते.
सांभाळा: पक्ष्याच्या ढोलीचा किंवा दुर्मीळ औषधी झाडाचा फोटो ठिकाणासकट व्हॉट्सअॅपवर टाकू नका. फास लावणाऱ्याकडेही मोबाइल असतो.

८. देवळाच्या अंगणाची रेघ आखा.
देवळाचा जीर्णोद्धार हा मोठा आनंद आहे, पण आमच्या बाजूला देवराईतली जितकी झाडं कुऱ्हाडीने गेली, त्यातली बरीच सभामंडपासाठी गेली. म्हणून अंगण आज जेवढं मोकळं आहे तेवढंच त्याचं माप घ्या, चार कोपऱ्यांना दगड पुरा आणि पुढचं सगळं बांधकाम त्या चौकटीतच, हे समितीच्या इतिवृत्तात लिहा. जत्रेच्या चुलीही चौकटीतच.

थंडीत: जाळरेषा

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. आपली रेषा त्याच्या आधी तयार हवी. पुढच्या पाच पायऱ्यांना घाई करू नका, सगळ्या वर्षाचं काम यांच्यावर उभं आहे.

९. जाळरेषेची ओळ ठरवा.
डिसेंबरच्या शेवटी, देवराईची शेवटची झाडं जिथे संपतात त्याच्या बाहेर, गवताळ भागात. आग चढावर धावते, म्हणून डोंगर उताराच्या अंगाला पट्टा रुंद धरा: साधारण सहा मीटर, म्हणजे आठ ढांगा. वरच्या अंगाला तीन मीटर, म्हणजे चार ढांगा पुरतात. पायवाट, ओढा, कातळ, खाचराचा बांध वाटेत आला तर रेषा त्याला जोडा, तेवढी कापणी वाचते.
सांभाळा: रेषा झाडांच्या आतून नेऊ नका. राईतला पालापाचोळा हेच तिचं अंथरूण, तो हलवायचा नाही.

१०. गवत बुडातून कापा.
जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दव असतानाच. गवत अर्धं हिरवं, अर्धं पिवळं असतं तेव्हा विळा सरसर चालतो. पूर्ण वाळलं की ते मोडतं आणि बुडखे उभे राहतात. आग त्या बुडख्यांवरून उड्या मारत जाते. दोघांमध्ये चार हात अंतर ठेवा, सगळ्यांनी एकाच दिशेला पुढे सरका.
सांभाळा: कुदळीने माती खरवडू नका. उतारावरची उघडी माती जूनच्या पहिल्या सरीला ओढ्यात जाते.

११. कापलेलं गवत त्याच दिवशी उचला.
भारे बांधा आणि गोठ्यात न्या. ज्यांनी कापलं त्यांनाच वैरण मिळाली की पुढच्या वर्षी माणसं आपणहून येतात.
सांभाळा: पट्ट्याच्या कडेला ढीग लावून “नंतर नेऊ” म्हणू नका. तो ढीग म्हणजे वात आहे.

१२. पट्टा झाडून काढा.
आधी दाताळ्याने काटक्या, मग खराट्याने पाला. सगळं बाहेरच्या, म्हणजे राईपासून लांबच्या अंगाला पांगवून टाका. काही ठिकाणी दोन ओळी कापून मधलं गवत जाळतात. ते काम वनखात्याची माणसं सोबत असतील तरच. नाहीतर खराटाच चांगला.

१३. फेब्रुवारीच्या शेवटी पट्टा पुन्हा झाडा.
नवी मंडळी हमखास चुकतात ती इथे. जानेवारीत आरशासारखी केलेली रेषा मार्चमध्ये बघा: ऐन, नाणा आणि सागाची पानं पडून पुन्हा झाकलेली असते. पायाखाली कुरकुर वाजली की समजा, रेषा उरलेली नाही. मार्चच्या मध्यावर तिसरा हात मारलात तर उत्तमच.

१४. पहाऱ्याच्या पाळ्या लावा.
दुपारी बारा ते सहा आणि रात्री आठ ते दहा. दोघांची जोडी, उंच टेकाडावर. गवत चांगलं येतं म्हणून डोंगराला आग लावायची सवय आपल्याकडे आहे, रागावून ती जात नाही. ज्याची गुरं आहेत त्याला रेषेवरच्या वैरणीत वाटा द्या आणि पहाऱ्याच्या पाळीतही घ्या.

१५. धूर दिसला की आधी फोन करा.
वनरक्षकांना, मग १९२६ ला, मग गावाला. त्यानंतरच निघा. सुती कपडे, पायात बूट, तोंडाला ओला पंचा आणि हातात ओली डहाळी. आगीच्या बाजूने किंवा मागून झोडपत या, कडा मारत मारत पुढे.
सांभाळा: आगीच्या वरच्या बाजूला, तिच्या तोंडासमोर कधीही उभं राहू नका. चढावर ती माणसापेक्षा वेगाने पळते. नायलॉनची साडी किंवा टी-शर्ट अंगाला चिकटतो. मुलांना नेऊ नका. ज्वाळा डोक्यापेक्षा उंच गेल्या तर मागे फिरा आणि रेषेवर थांबा, रेषा त्यासाठीच केलीय.

उन्हाळा: पाणी आणि फास

१६. राईतला झरा उपसा.
फेब्रुवारीअखेर, सकाळी. निम्माच गाळ काढा, निम्मा राहू द्या. त्यात खेकडे आणि बेडूक बसलेले असतात. मग एका कडेने चपटे दगड उतरते लावा, म्हणजे सशाला, साळिंदराला पाण्यापर्यंत उतरता येईल आणि आत पडलेला सरडा वर चढेल.
सांभाळा: सिमेंट नाही. झऱ्याला सिमेंट केलं की पाझर दुसरीकडे वाट काढतो.

१७. खाली पडलेलं हिरडा-बेहड्याचं बी वेचा.
एका झाडाखालचं निम्म्याहून कमी घ्या, बाकी जनावरांचं. सावलीत वाळवा, गोणपाटात भरा, नाव लिहून ठेवा. झाड हलवून पाडायचं नाही.

१८. पाणवठ्याच्या वाटांवर फास शोधा.
मार्चपासून पावसापर्यंत दर आठवड्याला. पाणी आटलं की जनावर एका ठरल्या वाटेनेच येतं, आणि हे फास लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. पाच-सहा जणांनी दोन हातांच्या अंतराने ओळीत चाला. नजर जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर.
काय शोधायचं ते नीट बघा. काटक्या-झुडपांचं एक बुटकं कुंपण असतं, उगाच घातल्यासारखं. त्यात एकच फट. फटीच्या दोन्ही अंगाची पानं घासून गुळगुळीत झालेली. आणि त्या फटीत, उन्हाचा कवडसा पडला तरच दिसणारा, गाडीच्या क्लचवायरचा गोल फास, दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला. मला पहिला फास दिसला तेव्हा त्यात भेकराचे चार केस अडकले होते, तांबूस, आखूड. जनावर सुटून गेलं होतं. ते केस वहीत चिकटवलेत, अजून आहेत.
सांभाळा: वाटेत कणकेच्या किंवा चरबीच्या गोळ्यासारखं काही पडलेलं दिसलं तर हात, काठी, पाय काहीही लावू नका. तो रानडुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब असू शकतो. कुत्रं सोबत नेऊ नका. सगळ्यांनी आल्या पावली मागे व्हा आणि फोन करा.

१९. सापडलेल्या फासाचा जागेवरच पंचनामा करून घ्या.
आधी फोटो, मग ठिकाण, मग वनरक्षकांना बोलावणं. ते येईपर्यंत एक जण तिथेच थांबा. ससा असो, भेकर असो की सांबर, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे, आणि फास लावणं हीच शिकारीची सुरुवात.
सांभाळा: अडकलेलं जनावर जिवंत असेल तर जवळ जाऊ नका. घाबरून ते वायर आणखी आवळून घेतं. फासात बिबट्याही अडकतो. गर्दी हटवा, आवाज बंद करा, १९२६ लावा. आणि फास कुणाचा हे कळलं तरी चावडीवर नाव पुकारू नका. ते काम खात्याचं.

२०. पिकाच्या नुकसानीचे अर्ज भरून द्या.
तुम्हाला वाटेल, हे इथे कशाला? ज्याचं नाचणीचं किंवा भाताचं शेत रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलं, तो फास लावायच्या विचारापर्यंत येतो. त्याला आपण अर्ज भरून दिला, सातबारा जोडून दिला, फोटो काढून दिले, तर तो विचार तिथेच थांबतो. समितीतल्या एका लिहित्या मुला-मुलीकडे हे काम कायमचं द्या. डुकरांचा त्रास फारच वाढला तर रीतसर परवानगीचा रस्ताही वनखात्यातूनच जातो.
सांभाळा: तक्रार तीन दिवसांच्या आत पोहोचवा. शेत नांगरल्यावर दाखवायला काही उरत नाही.

ओढा आणि मासे

२१. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात डोह मोजा.
पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हाच. दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा, बांबूच्या टोकावरून डोहात सोडा आणि भिजलेल्या गाठी मोजा. सगळ्या डोहांचे आकडे वहीत लिहा. ज्याला सर्वांत जास्त गाठी, तो आपला डोह. ओढा आटला की वरचे-खालचे सगळे मासे त्यातच येऊन राहतात. जूनमध्ये ओढाभर पसरणारं बियाणं तेच.
सांभाळा: भाटघर, नीरा देवघर किंवा गुंजवणी धरणाच्या फुगवट्यातला डोह निवडू नका. जलाशयातल्या मासेमारीचे हक्क वेगळे दिलेले असतात. तिथलं मत्स्यव्यवसाय विभागाला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. फुगवट्याच्या वरचा, वाहत्या ओढ्यातला डोह घ्या.

२२. १ मेच्या ग्रामसभेत तो डोह राखीव ठरवा.
एकच डोह, पण बारा महिने. त्यात गळ नाही, पाग नाही, तंगुसाचं जाळं नाही. बाकी ओढा मोकळा. सगळा ओढा बंद केलात तर नियम आठवडाभर टिकेल. एकच डोह मागितलात तर लोक देतात, आणि कातकरी मंडळींना पाचव्या पायरीवर विचारलं असेल तर तेच त्याची राखण करतात. वरंधा घाट उतरून महाड तालुक्यात गेलात तर काळ नदीवरचा वाळणकोंड मुद्दाम बघून या. वरदायिनीचे म्हणून तिथले मासे कोणी धरत नाही, आणि काठावर उभं राहिलं की हाताएवढाले मासे पायाशी येतात. जमलं तर ग्रामसभेआधी चार पोरांना तिथे नेऊनच आणा. नंतर तुम्हाला भाषण करावं लागत नाही.
विषाची बंदी मात्र संपूर्ण ओढ्याला: रामेठ्याची साल नाही, गेळफळ नाही, ब्लीचिंग पावडर नाही, फवारणीचं औषध नाही, सुरुंग तर नाहीच. विषाने मासा मरतो, पिल्लं मरतात, खेकडा मरतो, आणि खालच्या वाडीच्या गुरांच्या पोटात तेच पाणी जातं.

२३. रोपांसाठी खड्डे घ्या.
मेच्या मध्यावर, राईच्या कडेला जिथे जागा खरोखर मोकळी आहे तिथेच. दीड फूट लांब, रुंद, खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. वीस-तीस खड्डे खूप झाले.

२४. पहिल्या मोठ्या पावसाला चढणीचे मासे राखा.
ही वर्षातली सगळ्यात सुंदर रात्र, तेव्हा टॉर्च घ्या आणि माझ्याबरोबर चला. जूनमध्ये दोन-तीन दिवस सलग कोसळलं, ओढा लाल झाला, खाचरं भरून बांधावरून पाणी सांडायला लागलं, की अंड्यांनी भरलेली मासळी प्रवाहाच्या उलट वर चढते. शिंगटे, मळे, मरळ, वाम. टॉर्च विझवून बांधावर उभे राहिलात तर पाण्याच्या आवाजात एक वेगळी चळवळ ऐकू येते, ओल्या हाताने टाळ्या वाजवाव्यात तशी. अर्धी वीत पाण्यात पाठ उघडी पडलेला मासा शेपटी आपटत वर सरकतो, घसरतो, पुन्हा सरकतो.
काम एवढंच: या पहिल्या तीन-चार रात्री कोणी मासा धरायचा नाही. त्यानंतर धरणाऱ्याने ओढ्याची पूर्ण रुंदी अडवायची नाही, एक कड मोकळी सोडायची. मच्छरदाणीने मासे धरणं पूर्ण बंद, कारण तिच्यातून सुईएवढं पिल्लूही सुटत नाही. पोट फुगलेली मादी हाताला लागली तर पुन्हा पाण्यात.
सांभाळा: रात्री एकट्याने जाऊ नका. ओढ्याला वरून लोंढा येतो तेव्हा आवाज आधी येतो आणि पाणी लगेच मागे. बांधावरच थांबा, पात्रात उतरू नका. गावाबाहेरून गाड्या घेऊन मासे धरायला पोरं येतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, ठरावाचा कागद दाखवा, गाडीचा नंबर लिहा.

पावसाळा: रोपं आणि तण

२५. बी पेरा.
जांभळाचं बी खाल्ल्या दिवशी धुऊन लगेच पिशवीत. ठेवलंत तर काही दिवसांतच ते रुजेनासं होतं. हिरडा-बेहड्याचं कठीण बी शेणकाल्यात दोन-तीन दिवस भिजवून मग. ही रोपं पुढच्या वर्षासाठी. यंदा लावायची रोपं वनखात्याच्या किंवा पंचायतीच्या रोपवाटिकेतून, पण जात आपल्याच रानातली मागा.

२६. रोपं लावा.
भातलावणी चालू असताना माणूस मिळत नाही, म्हणून लावणी आटोपली की त्याच आठवड्यात. पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीचा गोळा न मोडता ठेवा, आधी वरची माती, मग खालची, पायाने हलकं दाबा, भोवती दगड रचा.
सांभाळा: गिरिपुष्प, सुबाभूळ, गुलमोहर, ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि दाट राईच्या आत एकही खड्डा नको. तिथे आपोआप रुजलेली अंजनीची, पारजांभळाची पिल्लं पायाखाली जातात.

२७. घाणेरी आणि रानमोडी उपटा.
ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. माती लोण्यासारखी मऊ असते आणि रानमोडीला अजून फूल आलेलं नसतं. रानमोडी हाताने निघते. घाणेरीच्या बुंध्याभोवती कुदळीने उकरा, खोडाच्या गड्ड्याच्या खाली मूळ कापा आणि झुडूप उलटं करून दुसऱ्या झुडपावर टांगा.
सांभाळा: नुसतं वरून छाटलंत तर एकाच्या जागी पाच फुटवे येतात. उपटलेलं ओल्या मातीवर टाकलंत तर पुन्हा मूळ धरतं. मोठ्या जाळीला हात घालण्याआधी काठी आपटा, आत साप असतो किंवा पक्ष्याचं घरटं. घरटं असेल तर ती जाळी यंदा सोडा. आणि एकदम सगळं उघडं करू नका. जेवढ्यावर वर्षभर लक्ष ठेवता येईल तेवढंच, कडेपासून आत.

२८. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वही मोठ्याने वाचा.
किती वेळा धूर दिसला, किती फास निघाले, डोहाच्या दोरीला किती गाठी भिजल्या, किती रोपं उभी आहेत. फसलेलंही वाचा: कुठल्या खुणेजवळ रेषा अपुरी पडली, कुठल्या रात्री पहारा चुकला. मग त्याच बैठकीत पुढच्या शीव-फेरीची तारीख ठरवा, वही नव्या पानावर उघडून समितीतल्या सगळ्यात लहान पोरीच्या हातात द्या आणि विळे धारेला टाका.